यंत्र बाजूला ठेवल्यावर हातात काय राहतं?

साप चावलेला माणूस रुग्णालयात पोचतो तेव्हा साप कोणता होता हे बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. अंधार असतो, सोयाबीनच्या रानात पाय पडलेला असतो, साप केव्हाच निघून गेलेला असतो. अशा वेळी डॉक्टर रुग्णाचं दोनेक मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात, नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवतात आणि मग एकदाच तिरकी करून बघतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या जातीचं विष रक्तात भिनलंय असं धरून प्रतिविष लगेच सुरू होतं. गोठलं असेल, तर रुग्णावर नजर ठेवून चाचणी पुन्हा पुन्हा केली जाते. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानं रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत ती नीट होत नाही. नळी साबणाच्या पावडरीनं धुतलेली असली तरी उत्तर चुकतं.

या चाचणीला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. वैद्यकीय शिक्षणातल्या नव्या तंत्रज्ञानाबद्दल लिहिताना सुरुवात इथून केली, कारण लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना दोन्ही टोकं सांभाळायची आहेत. एका टोकाला ही काचेची नळी आहे, तर दुसऱ्या टोकाला छातीचा एक्स-रे वाचणारा संगणक. लातूरहून नांदेडला जाणाऱ्या महामार्गावर आष्टामोड ओलांडलं की चाकूर येतं. तालुक्याचं गाव, आजूबाजूला नळेगाव, चापोली, जानवळ, वडवळ नागनाथसारखी गावं. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलेला माणूस इथून आधी चाकूरच्याच डॉक्टरकडे नेला जातो. लातूरचा तज्ज्ञ त्यानंतर येतो. त्या पहिल्या तासात समोर जो डॉक्टर असतो, तो पुष्कळदा नुकताच शिकून बाहेर पडलेला असतो. त्याला काय येतं आणि ते तो कशाच्या आधारानं शिकला, हा चाकूरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

या भागात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा नवी नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ सालचं. नांदेडचं शासकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झालं, ते आता डॉ. शंकरराव चव्हाणांच्या नावानं ओळखलं जातं. लातूरला खासगी महाविद्यालय १९९० मध्ये आलं आणि शासकीय २००२ मध्ये. ते पुढे विलासराव देशमुखांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. अलीकडे धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथेही शासकीय महाविद्यालयं उघडली. म्हणजे एका पिढीत मराठवाड्यातल्या वैद्यकीय जागा कितीतरी वाढल्या. प्राध्यापक मात्र त्या वेगानं वाढत नाहीत. नवं तंत्रज्ञान नेमकं या फटीत शिरतं आहे, आणि विद्यार्थ्यांच्या मनातल्या आशा आणि शंका दोन्ही तिथूनच येतात.

परदेशात या विषयावर विद्यार्थ्यांची मतं पद्धतशीरपणे विचारली गेली आहेत. २०१९ मध्ये जर्मनीतल्या २६३ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्ष-किरणशास्त्रात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मोठं परिवर्तन होईल असं ७७ टक्क्यांना वाटत होतं, पण क्ष-किरणतज्ज्ञांची जागा यंत्र घेईल हे ८३ टक्क्यांना मान्य नव्हतं. ७१ टक्के म्हणाले, हे आम्हाला शिक्षणातच शिकवा. पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या १९ महाविद्यालयांतल्या ४८४ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८८ टक्क्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची भूमिका मोठी असेल असं वाटलं. जवळपास निम्मे, ४९ टक्के, म्हणाले की यामुळे क्ष-किरणशास्त्र निवडण्याची आमची शक्यता कमी झाली आहे. जर्मनीच्या पाहणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ज्यांना तंत्रज्ञानाची जास्त ओळख होती, ते त्याला कमी घाबरत होते.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांशी बोललं तर भीतीचा रंग वेगळा दिसतो. यंत्र आपली नोकरी खाईल, ही चिंता इथे क्वचितच ऐकू येते. जिथे डॉक्टरच कमी आहेत तिथे ती का असावी? इथली चिंता एकटेपणाची आहे. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेतली की एक वर्षाची सक्तीची सेवा असते. तिथे सिनिअर नाही, राऊंडला सर नाहीत, रात्री फोन उचलणारं कुणी असेलच याची खात्री नाही. म्हणून एखादं यंत्र किंवा ॲप समोर आलं की या मुलांचा प्रश्न सरळ असतो: याच्यावर शिकून मला तिथे जमेल का? माझ्या मते नव्या साधनांची यापेक्षा चांगली कसोटी नाही. साधन शिकवून गेल्यावर, ते बाजूला ठेवल्यावर, हातात काय राहतं?

पहिल्या वर्षाच्या डिसेक्शन हॉलपासून पाहू. मृतदेहाचं विच्छेदन करून शरीररचना शिकायची, ही आपल्याकडची पद्धत जवळपास दोनशे वर्षांची. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्तांनी १८३६ मध्ये समाजाचा रोष पत्करून विच्छेदन केलं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. आता अनेक महाविद्यालयांत त्याच हॉलशेजारी माणसाच्या लांबीचा एक पडदा आडवा ठेवलेला दिसतो. त्याला आभासी विच्छेदन टेबल म्हणतात. खऱ्या शरीरांच्या सीटी आणि एमआरआय प्रतिमा, शिवाय शरीराचे प्रत्यक्ष पातळ काप घेऊन काढलेली छायाचित्रं जोडून त्यात पूर्ण देह उभा केलेला असतो. बोटानं कातडी बाजूला सारता येते, स्नायू काढता येतात, यकृत फिरवून मागून बघता येतं, आणि चुकलं तर सगळं परत जागेवर ठेवता येतं.

या तंत्राची मुळं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या एका प्रकल्पात आहेत. १९९४ मध्ये त्यांनी एका पुरुषाच्या गोठवलेल्या देहाचे एक-एक मिलिमीटर जाडीचे १,८७१ काप छायाचित्रांत जगापुढे ठेवले. पुढच्या वर्षी एका स्त्रीच्या देहाचे त्याहून पातळ, एक-तृतीयांश मिलिमीटरचे काप आले. सीटी स्कॅनमध्ये डॉक्टर शरीराचे असेच आडवे काप पाहतात. त्यामुळे या टेबलावर शिकलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षी सीटी समोर आला की तो परका वाटत नाही. हा फायदा खरा आहे आणि विद्यार्थी तो मनापासून मान्य करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीलाही त्यासारखं साधन नाही.

पण पडद्यावरचा देह मोजक्याच माणसांचा असतो. डिसेक्शन हॉलमध्ये पाच टेबलं असतील तर पाच वेगळी शरीरं असतात, आणि त्यांत फरक असतो. दंडातली मुख्य रोहिणी साधारणपणे कोपराजवळ दोन फाट्यांत विभागते. काहींच्यात ती दंडात वरच फुटते, आणि तिचा एक फाटा कातडीच्या अगदी जवळून धावतो. हे माहीत नसलेल्या माणसानं कोपराच्या खोबणीत शीर समजून सुई घातली, तर औषध रोहिणीत जाऊन हात गमावण्याची वेळ येऊ शकते. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत असते. समोरच्या देहात ती प्रत्यक्ष सापडली की जन्मभर विसरत नाही. चिमट्याला लागणारा ताण, चरबीतून मज्जातंतू मोकळा करताना लागणारा धीर, हेही पडदा देत नाही. आणि देहदान केलेल्या माणसापुढे पहिल्या दिवशी हात जोडून शपथ घेताना विद्यार्थ्याच्या मनात जे घडतं, त्याला तर पर्यायच नाही. म्हणून मृतदेह मिळत नाहीत तेव्हा टेबल विकत घेऊन प्रश्न मिटवणाऱ्या महाविद्यालयाला विद्यार्थ्यांनी हरकत घ्यावी असं मला वाटतं. गावोगाव देहदानाची माहिती पोचवण्याचं काम त्या टेबलानं संपत नाही.

कौशल्य प्रयोगशाळेबद्दल, म्हणजे मुलं जिला 'स्किल लॅब' म्हणतात तिच्याबद्दल, माझं मत याच्या बरोबर उलट आहे. ती प्रत्येक महाविद्यालयात हवी, भरपूर साहित्यासह हवी, आणि रात्रीही उघडी हवी.

कारण नीट समजून घेतलं पाहिजे. आजवर डॉक्टरांची प्रत्येक पिढी पहिली सुई कुणाच्या तरी हातात टोचून शिकलेली आहे. पहिली सलाईनची शीर कुणाच्या तरी हातावर चार वेळा चुकून पाचव्यांदा सापडलेली आहे. पहिले टाके कुणाच्या तरी कपाळावर वेडेवाकडे पडलेले आहेत. तो हात आणि ते कपाळ बहुतेक वेळा सरकारी रुग्णालयातल्या गरीब माणसाचं असतं. ज्याला खासगी दवाखाना परवडतो, त्याच्यावर शिकाऊ हात फिरत नाही. औसा, चाकूर, लोहा, कंधारहून आलेल्या शेतमजुरांनी स्वतःच्या शरीरावर डॉक्टर घडवले आहेत आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारलंही नाही. रबरी हातावर, बाहुलीवर, प्लॅस्टिकच्या कातडीवर त्या पहिल्या चुका करता आल्या, तर हा अन्याय कमी होतो. नव्या तंत्रज्ञानाच्या बाजूनं याहून मोठा युक्तिवाद मला माहीत नाही.

विद्यार्थीही हेच बोलतात, फक्त त्यांच्या शब्दांत. बाहुलीवर चुकलं तर ती ओरडत नाही, नातेवाईक अंगावर येत नाहीत, सिस्टर सगळ्यांसमोर बोलत नाहीत. भीती नसली की हात शिकतो. १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानं हृदय आणि श्वास पुन्हा सुरू करण्याच्या सरावासाठी पहिली प्रसिद्ध बाहुली बनवली. आजच्या बाहुलीच्या छातीत संवेदक असतात. प्रौढ माणसाची छाती दर दाबाला पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० दाब हवेत आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर यायला हवी. यातलं काय चुकतंय ते बाहुली तिथल्या तिथे दाखवते. खऱ्या रुग्णावर हे शिकवणं अशक्यच, कारण ज्याचं हृदय थांबलंय त्याच्याजवळ शिकवण्याइतका वेळ कुणाला असतो?

प्रसूतिगृहाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. नांदेड किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात सरळ बाळंतपणं पुष्कळ बघायला मिळतात. त्यासाठी बाहुलीची गरज नाही. पण डोकं बाहेर आलं आणि बाळाचा खांदा अडकला, असा प्रसंग विद्यार्थ्याच्या वाट्याला शिकताना एकदाही येणार नाही कदाचित. तो नोकरीच्या गावी येईल, आणि तेव्हा हातात काही मिनिटं असतील. असे दुर्मीळ आणि घातक प्रसंग पुन्हा पुन्हा घडवून आणणं ही बाहुलीची खरी ताकद. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तसाच. तो थांबवण्यासाठी बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी साध्या कॅथेटरला निरोध बांधून, तो गर्भाशयात सलाईननं फुगवून आतून दाब देण्याची युक्ती रूढ केली. महागड्या आयात फुग्याला तो स्वस्त पर्याय आहे. तो कसा बांधायचा हे रबरी गर्भाशयावर दहा वेळा करून बघितलेली मुलगी चाकूरला घाबरणार नाही.

अभ्यासक्रमानं या दिशेला पाऊल टाकलंय. २०१९ पासून एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे याबरोबर त्याला काय करता येतं हे त्यात तपासायचं आहे, त्याची नोंद लॉगबुकात ठेवायची आहे आणि स्किल लॅब सक्तीची आहे. विद्यार्थ्यांची तक्रार असते ती अंमलबजावणीची. प्रयोगशाळेला कुलूप, बाहुलीचा सुटा भाग मोडलेला, तीस जणांच्या तुकडीत प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं, आणि लॉगबुकात मात्र सगळ्यांच्या सह्या. अशी तक्रार करणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याला शिकायचं असतं, म्हणूनच तो बोलतो.

मोबाइलवरच्या अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे महाविद्यालयं बंद झाली आणि शिक्षण पडद्यावर गेलं. पण पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीची ॲप त्याआधीपासूनच वसतिगृहांत होती. मॅरो, प्रेपलॅडर ही नावं प्रत्येक खोलीत ऐकू येतात. व्हिडिओ दीडपट-दुप्पट वेगानं बघायचे आणि खाली प्रश्न सोडवायचे. विद्यार्थी सांगतात की तिथलं शिकवणं नेमकं असतं, हवं तेव्हा थांबवता येतं, आणि इंग्रजीत कच्चा असलेला मुलगा तोच भाग लाज न वाटता तीनदा ऐकू शकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलासाठी ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे. तरी त्यात एक धोका आहे, आणि तो लातूरला विशेष लागू पडतो. प्रवेश परीक्षेच्या कसून तयारीच्या 'लातूर पॅटर्न'नं घडवलेली ही मुलं पर्यायी प्रश्नांत तरबेज होऊनच आलेली असतात. ॲप तीच सवय पुढे चालवतं. वॉर्डातला रुग्ण चार पर्याय घेऊन येत नाही. तो म्हणतो, "आठ दिस झालं, जेवण जाईना." तिथून सुरुवात करून त्याच्याशी बोलत, पोट चाचपत, डोळे-नखं बघत उत्तराकडे जायचं असतं. सकाळी वॉर्ड बुडवून ग्रंथालयात व्हिडिओ बघणारा विद्यार्थी परीक्षेत पुढे जाईल, पण पहिल्या नोकरीत अडखळेल, हे विद्यार्थ्यांना स्वतःलाही कळतं. परीक्षाच तशी असेल तर दोष एकट्या त्यांच्या माथी मारता येत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. क्षयरोगाचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या दाराशी आहे. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या संगणक-प्रणाली आता भारतात वापरल्या जातात. मुंबईची क्युअर डॉट एआय ही त्यातली एक ठळक कंपनी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या तपासणीसाठी अशा प्रणाली वापरायला मान्यता दिली. लाखो एक्स-रे आणि त्यांवरचे डॉक्टरांचे शेरे दाखवून प्रणाली शिकवलेली असते. नवा एक्स-रे दिला की ती एक गुणांक सांगते, म्हणजे क्षयाची शंका किती आहे याचा आकडा. तो ठरावीक रेषेच्या वर गेला की त्या माणसाचा बेडका तपासायला घ्यायचा. बेडक्याच्या तपासणीसाठी गोव्यातल्या मोल्बायो कंपनीचं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र आहे, ते लहान केंद्रातही वापरता येतं.

इथे विद्यार्थ्याला गणित यायला हवं. समजा, प्रणाली शंभरातले नव्वद क्षयरुग्ण ओळखते आणि शंभरातल्या सत्तर निरोग्यांना बरोबर सोडून देते. एका गावात घरोघर जाऊन १,००० लोकांचे एक्स-रे काढले आणि त्यांत खरे रुग्ण १० असले, तर प्रणाली ९ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी २९७ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे तिनं शंका घेतलेल्या ३०६ लोकांत खरे रुग्ण नऊच, शंभरात जेमतेम तीन. तीच प्रणाली, तसेच १,००० एक्स-रे, पण आता दोन आठवडे खोकला असलेल्या, दवाखान्यात आलेल्या लोकांचे. त्यांत १०० रुग्ण आहेत असं धरू. आता ती ९० रुग्ण आणि २७० निरोगी निवडेल, म्हणजे शंका घेतलेल्या दर चौघांत एक खरा. यंत्र बदललं नाही, समोरची माणसं बदलली. हे ज्याला कळलं, तो पडद्यावरचा लाल ठिपका बघून बाईला "तुम्हाला टीबी आहे" असं सांगून टाकणार नाही. घरातली सून असेल तर त्या एका वाक्यानं तिचं काय होतं, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवा, असं विद्यार्थी म्हणतात तेव्हा त्यांना प्रोग्रॅमिंगपेक्षा हे शिकवणं जास्त गरजेचं आहे, आणि जनवैद्यक विभागातला कुठलाही चांगला शिक्षक ते फळ्यावर एका तासात शिकवू शकतो.

दुसरी गोष्ट, यंत्र कुणावर शिकलं. करोनात घरोघर पोचलेलं बोटावरचं ऑक्सिमीटर आठवा. अमेरिकेतल्या अभ्यासात २०२० मध्ये दिसलं की ऑक्सिजन खरोखर धोक्याच्या पातळीला उतरलेला असतानाही यंत्र ठीक आकडा दाखवतं, असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. प्रकाश कातडीतून जातो, कातडीच्या रंगाचा त्यावर परिणाम होतो, एवढं साधं कारण पुरलं. मग परक्या लोकसंख्येच्या एक्स-रेवर, त्वचेच्या फोटोंवर शिकलेल्या प्रणालीनं आपल्या माणसाबद्दल काय सांगितलं, हे तपासून बघण्याची सवय इथल्या विद्यार्थ्याला लागलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. पोलंडमधल्या चार केंद्रांतला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या अनुभवी डॉक्टरांना मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत मिळू लागली. ती येण्याआधी ते स्वतःच्या डोळ्यांनी २८.४ टक्के तपासण्यांत कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या गाठी शोधत होते. ती रुळल्यानंतर, मदत बंद असलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलं. अभ्यास निरीक्षणाचा आहे, त्यामुळे कारण शंभर टक्के सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. पण हे हजारो तपासण्या केलेले डॉक्टर होते. त्यांची नजर आधी तयार झाली होती आणि नंतर मंदावली असावी. ज्याची नजर अजून तयारच व्हायची आहे, त्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून उत्तर तयार मिळालं तर ती कधी तयार होणार?

संवादी प्रणालींचंही तसंच. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि काही महिन्यांतच ते अमेरिकेच्या वैद्यक परवाना परीक्षेत उत्तीर्णतेच्या आसपास पोचतं असं प्रसिद्ध झालं. विद्यार्थी त्याला तोंडी परीक्षेचे प्रश्न विचारायला सांगतात, अवघड प्रकरण सोपं करून मागतात, आणि त्यात वाईट काही नाही. मात्र ते चूकही तितक्याच आत्मविश्वासानं सांगतं, आणि चूक ओळखायला विषय आधी यावा लागतो. शिवाय रुग्णाचा एक्स-रे, जखमेचा फोटो, कागदावरचं नाव तसंच त्यात टाकण्याची किंवा व्हॉट्सॲपच्या गटात फिरवण्याची सवय पसरते आहे. ती थांबली पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायद्याआधी साधी गोष्ट अशी की रुग्णानं आपली जखम डॉक्टरला दाखवली होती, गटाला नाही.

नजर म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या एका सुपुत्राकडून शिकावं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. १९७०च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं, मुलं मरत होती. बावस्कर रुग्णांच्या खाटेशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासागणिक नोंद करत गेले. विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्या नोंदींतून उलगडलं. पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकानं त्यांची निरीक्षणं छापली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ यंत्र म्हणावं असं फारसं नव्हतं. पण ते तंत्रज्ञानाच्या विरोधातले नव्हते. आज त्यांच्यासारख्या तरुण डॉक्टरच्या हाती बॅटरीवरचा ईसीजी असेल, ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाशी बोलण्याची सोय असेल, तर खाटेशी बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग अनेक पटींनी होईल. ई-संजीवनीवरही पलीकडचा तज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतो की पोट मऊ आहे का कडक. ते अलीकडच्याच्या हातालाच कळायचं असतं.

म्हणून कोणतं यंत्र घ्यायचं हे महाविद्यालयानं विद्यार्थ्यांना विचारायला हवं. यंत्र खरेदी होतं तेव्हा समितीत अधिष्ठाता असतात, विभागप्रमुख असतात. ज्यांनी त्यावर शिकायचं ते नसतात. नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेण्याची तरतूद आहे, पण तो बहुधा शिकवणं झाल्यानंतरचा एक फॉर्म असतो. खरेदीआधी दोन आंतरवासी डॉक्टरांना आणि नुकत्याच ग्रामीण सेवेवरून परतलेल्या दोन डॉक्टरांना बोलवावं. तिथे काय अडलं, कशाचा सराव कमी पडला, हे ते पाच मिनिटांत सांगतील, आणि यादी बदलेल. कुणी सांगेल, मोठा पडदा नको, टाके घालायचे दहा संच आणि शीर शोधायचे वीस रबरी हात द्या. कुणी सांगेल, आम्हाला ईसीजी वाचायला शिकवा, रात्री तेच अडतं.

आणि एक गोष्ट तर उद्यापासून करता येईल. एक्स-रे असो वा ईसीजी, यंत्राचं उत्तर झाकून ठेवायचं. विद्यार्थ्यानं आधी स्वतः बघून वहीत लिहायचं: काय दिसतं, काय वाटतं, किती खात्री आहे. मग यंत्राचं उत्तर उघडायचं, आणि दोघांत फरक असेल तिथे सरांना बोलवायचं. वर्षाच्या शेवटी त्या वहीवरून विद्यार्थी कुठे चुकतो हे कळेल आणि यंत्र कुठे चुकतं हेही. यासाठी वेगळी निविदा लागत नाही. वही लागते, आणि राऊंड संपल्यावर पंधरा मिनिटं थांबणारा एक शिक्षक.